पहिले याले पाहा

रंगरावला तेरवीचं बोलावणं गेलं आहे, हे कुलदीपला तेरवीच्याच सकाळी कळलं. सांगितलं पूनमनं.

तो मांडवात उभा राहून टेम्पोतल्या खुर्च्या मोजून घेत होता. उंद्रीच्या घरापुढून थेट रस्त्यापर्यंत मांडव गेला होता. मागच्या परसात आचाऱ्याच्या दोन भट्ट्या पेटल्या होत्या, एकीवर वांग्याची भाजी, दुसरीवर बुंदीचा पाक. अकरा वाजता शोकसभा, मग पंगत. कुलदीपचे वडील इंद्रभान दोनदा पंचायत समितीचे सभापती होते. त्र्याऐंशीव्या वर्षी गेले तरी तालुक्यातून माणसं येणार होती.

पूनम चहाचा कप घेऊन आली. कुलदीपच्या थोरल्या भावाची, जीवनची मुलगी. बापाचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. आता बुलढाण्याच्या कोर्टात वकिली करत होती.

"काका, रंगराव येनार हायेत आज."

"कोन रंगराव?"

 कुलदीपनं कप खाली ठेवला.

"कोनं बोलावलं त्याले?"

"मी. आबांनी सांगितलं होतं. शेवटच्या आठवड्यात. म्हणाले, तेरवीले त्याले बोलाव, आन् तुह्या आजीसंगं त्याले एकट्यानं बोलू दे. दुसरं काही सांगितलं नाही."

"आन् तू मले आज सांगून राह्यली."

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही येऊ दिलं नसतं."

ते खरं होतं.

तीस वर्षं झाली होती. पंचायत समितीच्या मतदानाचा दिवस. इंद्रभान उभे होते. समोरच्या पार्टीच्या ट्रॅक्टरमध्ये बसून वस्तीवरची माणसं मतदानाला आली. जीवननं शाळेच्या फाटकापाशी ट्रॅक्टर अडवला. ट्रॅक्टर रंगराव चालवत होता. शिव्या झाल्या, काठ्या निघाल्या. रंगरावचा डावा हात मनगटाच्या वर फाटला आणि जीवनच्या डोक्यात काठी बसली. जीवन पडला, उठला, कपडे झटकले आणि हसला. गावात एकच जीप होती. इंद्रभाननं दोघांनाही त्याच जीपमध्ये घातलं आणि चिखलीला नेलं. डॉक्टर एकटे होते. त्यांनी आधी रंगरावचा हात बांधला. तेवढ्या वेळात बाकावर बसलेला जीवन आडवा झाला, तो परत उठला नाही. मार आतून होता. बावीस वर्षांचा होता.

खटला बुलढाण्याला चालला. इंद्रभान सरकारी साक्षीदार. त्यांनी शपथेवर दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, काठी आधी माझ्या मुलानं उगारली. दुसरी, आधी रंगरावला तपासा असं डॉक्टरांना मी सांगितलं, कारण त्याचं रक्त जास्त वाहत होतं. जीवनची आई पुष्पाबाई कोर्टात मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्या उठून बाहेर गेल्या. खुनाचं कलम टिकलं नाही, रंगरावला सात वर्षांची सजा झाली.

त्या दिवसापासून पुष्पाबाई नवऱ्याशी थेट बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, कपडे धुवायच्या, दुखण्यात पाय दाबायच्या. बोलणं मात्र तिसऱ्या माणसातून. "त्यायले सांग, पानी तापलं." घरात तिसरं कोणी नसलं तर भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या.

"गोकुळकाकाले माहीत हाये?" कुलदीपनं विचारलं.

"आता होईल," पूनम म्हणाली. इंद्रभानचे धाकटे भाऊ, शेगावला लॉज चालवणारे गोकुळकाका, धोतराचा सोगा सावरत त्यांच्याकडेच येत होते.

ऐकल्यावर ते खुर्चीत बसले. मोठ्यानं बोलले नाहीत.

"माह्या पुतन्याले मारलं त्यानं. जितेपनी भावानं त्याची बाजू घेतली, आमी गप राह्यलो. सारी बिरादरी थुकली आमच्यावर, तरी गप राह्यलो. आता मेल्यावरबी तेच का? तो मांडवात आला तर मी पंगतीत बसनार नाई, कुलदीप. अन् मी उठलो तर माह्या मागं किती उठतील हे तू पाहून घे."

"मी त्याले रस्त्यावरूनच परत लावतो, काका."

"काका, आबांचा शब्द—" पूनम म्हणाली.

"तुह्या आबाचे शब्द आमी लय झेलले, पोरी," गोकुळकाका म्हणाले. "तुह्या बापानंबी झेलले."

*

जीवनची बायको, पूनमची आई छाया मधल्या खोलीत सासूजवळ बसली होती. पन्नास वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गोकुळकाकांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपण सांगावं, म्हणून तिनं सांगून टाकलं.

"आत्याबाई, रंगराव येऊन राह्यला. मामाजीनं सांगतलं होतं पूनमले."

पुष्पाबाई पाटावर भिंतीला टेकून होत्या. कपाळ मोकळं. त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली.

"कायले?"

"तुमच्यासंगं बोलाले."

"काय बोलनार हाये तो मह्यासंगं."

 छायाच्या लग्नाला नऊ महिने झाले होते तेव्हा जीवन गेला. पोटात पाच महिन्यांची पूनम. तिचे वडील न्यायला आले तेव्हा इंद्रभाननं सगळ्यांना बाहेर काढलं होतं आणि दाराशी उभं राहून तिला विचारलं होतं, "तुले काय पाह्यजे, बाई? मले काय पाह्यजे, बापाले काय पाह्यजे, ते नोको. तुले काय पाह्यजे ते सांग." तिला एवढं विचारणारा तो पहिला माणूस. ती म्हणाली, शिकायचं. पूनम झाल्यावर त्यांनी तिला आजीच्या मांडीवर दिलं आणि छायाला डी.एड.ला धाडलं. म्हणून घरात दोन बाजू पडल्या तेव्हा छाया सासऱ्याच्या बाजूला राहिली. सासू तिला कधी टोचून बोलली नाही. पण जीवनची गोष्ट दोघींमध्ये पुन्हा निघालीही नाही. एकाच माणसासाठी दोघी एका घरात वेगवेगळ्या रडल्या.

"नाई म्हना," छाया म्हणाली. "तुमी नाई म्हटलं तर कोनी काही म्हननार नाई."

पुष्पाबाई खिडकीतून मांडवातल्या फलकाकडे बघत होत्या. त्या चौथी शिकलेल्या, अक्षर लावून वाचायच्या.

"काय लिवलं हाये त्याच्यावर?"

"मानवतावादी नेते, कै. इंद्रभान..."

"त्यायले आवडत नव्हता तो शब्द. म्हनत, वाद कायले लावता त्याले, मानूस म्हना, बस झालं." त्या थोडं थांबल्या. "दुष्काळात टँकर पहिले त्या वरच्या वस्तीवर धाडत. आपली गल्ली सगळ्यात शेवटी. मी दोन दोन कोस घागरी आनल्या. लोक म्हनत, सभापतीची बायको पानी वाहते, पाहा. मले तवा अभिमान वाटे, छाया. खरंच वाटे. जो जास्त दुखावला तो आधी, असं ते भाषनात म्हनत आन् मी बायामंदी बसून मान हालवू." त्यांनी पदर सारखा केला. "मग ते पोराच्या बाबतीत तेच म्हनले."

"हाव."

"येऊ दे त्याले. पाहू दे मले त्याचं तोंड."

*

साडेदहाला कुलदीपचा विचार बदलला.

बदलवला गणेशनं. गणेश त्याचा कार्यकर्ता, मोबाईलवर बातम्या टाकणारा. जिल्हा परिषदेची निवडणूक आज ना उद्या लागणार होती आणि कुलदीपला तिकीट हवं होतं.

"भाऊ, त्याले परत लावता कायले? आनू द्या ना आत. मायसाहेब त्याले हातानं वाढतील, आपन लाईव्ह करू. पोराच्या मारेकऱ्याले माफ करनारं घरानं. सारा जिल्हा पाहील."

कुलदीपला पहिल्यांदा त्याचा राग आला. मग आला नाही. वडिलांच्या त्या साक्षीनं घर पुढची निवडणूक हरलं होतं, पुन्हा कधी उभं राहिलं नव्हतं. जीवन गेला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. शाळेत पोरं त्याला म्हणायची, तुह्या बापानं तुह्या भावाले मारलं. त्या साक्षीतून आज एकदा तरी या घराला काही मिळालं तर काय वाईट, असं त्याला वाटलं. गोकुळकाकांना त्यानं बाजूला घेऊन समजावलं. 

"माफ करनं दाखवाचं हाये, करायचं नाई," ते म्हणाले. "हे जमते मले. तू लेका बापापेक्षा हुशार निंगाला."

ते पंगतीत बसायला तयार झाले. पूनमनं हे ऐकलं तेव्हा ती आणि कुलदीप भट्टीच्या मागे उभे होते.

"मग मी त्यांना फोन करून सांगते, येऊ नका."

"आता काऊन? तूच बोलावलं ना?"

"एकट्यानं बोलायला बोलावलं. तुमच्या मोबाईलसमोर उभं करायला नाही. आजीला काय वाटेल?"

"बाबाचं नाव होईल, पूनम. त्यायच्या विचाराचं नाव होईल."

"आबा शेवटच्या दिवशी पाणी पीत नव्हते काका, घोट गिळत नव्हता. तरी मला परत दोनदा म्हणाले, एकट्यानं. तुम्हाला नाव कशाचं करायचंय?"

तिनं फोन लावला. फोन बंद होता. तो बसमध्ये असणार.

*

रंगराव शोकसभा निम्मी झाल्यावर आला. खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगवर हमाली करून वाकलेला, छप्पन्न वर्षांचा माणूस. डावा हात मनगटापासून सरळ होत नव्हता. जुन्या माणसांनी त्याला त्या हातावरून ओळखलं आणि मांडवात बोलणं थांबलं. माईकवरचा माणूस इंद्रभानच्या माणुसकीबद्दल बोलत होता, तोही मध्येच अडखळला.

गणेश मोबाईल वर करून पुढे झाला. कुलदीप हात जोडून रंगरावकडे निघाला. तेवढ्यात घराच्या दारात पुष्पाबाई आल्या. तेरा दिवसांत त्या उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या.

"गनेश," त्या म्हणाल्या, "तो फोन खिशात ठेव, बापा."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. गणेशनं फोन खाली घेतला.

"रंगराव, आत ये."

मधल्या खोलीत त्यांनी त्याला समोर बसवलं. तो सतरंजी सोडून फरशीवर बसला. छाया उठायला लागली तशी पुष्पाबाईंनी तिचा हात धरला. "तू बस. त्यायनं मह्यासंगं एकट्यानं म्हटलं असंल. मी म्हनते तू बस." पूनम दाराच्या आत उभी राहिली आणि तिच्या मागे, दाराच्या बाहेर, कुलदीप.

"बोल," पुष्पाबाई म्हणाल्या.

रंगराव फरशीकडे पाहत बोलू लागला.

"माय, मी माफी मांगाले नाई आलो. मांगून भेटनारी ते नाई. सभापतीनं मह्यावर एक वझं ठेवलं होतं. म्हनले, मी जिता हाये तोवर तोंड उघडू नोको. मी गेलो का तिले सांगून दे."

"काय?"

"त्या रोजी डॉक्टरले, पहिले याले पाहा, असं सभापती नाई म्हनले."

बाहेर माईक कोणीतरी बंद केला होता. आचाऱ्याच्या झाऱ्याचा आवाज तेवढा येत होता.

"कोन म्हनलं मग?"

"जीवन म्हनला."

पुष्पाबाईंच्या तोंडावर काहीच हललं नाही.

"सभापती त्याले धरून आत नेत होते. डॉक्टरनं विचारलं, कोनाले घेऊ पहिले. सभापती काही बोलले नाई, माय. मी पाह्यलं त्यायचं तोंड. त्यायले पोराचं नाव घ्यायचं होतं. होटावर आलं होतं. तेवढ्यात जीवननं त्यायचा हात सोडवला. म्हने, डॉक्टरसाहेब, पहिले याले पाहा. याचं रक्त चाललं. मी बसतो. आन् मले म्हने, हात वर धर बे, खाली सोडू नोको. मंग बाकावर जाऊन बसला."

"तू कोर्टात हे सांगतलं नाई."

"सभापतीनं पहिलेच सांगून टाकलं होतं, मीच म्हनलो म्हून. मले कोनी विचारलं नाई."

दारात पूनम हलली. निकालाची प्रत तिनं कितीदा वाचली होती. आबा शपथेवर खोटं बोलले होते.

"काऊन?" पुष्पाबाई म्हणाल्या.

"मी सुटून आलो तवा इचारलं त्यायले. खामगावच्या स्टँडवर भेटले, मले काम पाहून द्याले आले होते. म्हनले, पोरगं बावीस वर्साचं होतं, ते बोललं. आयकनारा मी होतो. बापानं नाई म्हनाले पाह्यजे होतं, मी नाई म्हनलो नाई, म्हून ते माहंच बोलनं. आन् दुसरं म्हनले..." तो थांबला.

"सांग."

"म्हनले, पोरगं आपनच उठून बसलं, हे तिले समजलं तर ती पोरावर रागावंल. मेलेल्या पोरावर राग धरून माय जगत नाई. नवऱ्यावर धरून जगते. तिले जगू दे."

दाराबाहेर कुलदीप भिंतीला टेकला. चौदा वर्षांचा असताना त्यानं एकदा बापाला विचारलं होतं, तुमी दादाले पहिले काऊन नाई दाखवलं. बाप म्हणाला होता, चुकलं माहं. त्यानंतर तीस वर्षं तो बापाशी कामापुरतं बोलला होता. बाहेर फलकावर 'मानवतावादी' हा शब्द त्यानंच लिहून घेतला होता.

पुष्पाबाई बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली होता की रंगराव पुढे वाकला.

"तीस वर्सं तो मानूस मह्यापुढं ताट घेऊन बसला. मी भितीकडं पाहून बोलली. त्याचा बुखार शंभरच्या वर गेला तरी भितीकडं पाहून इचारलं, त्यायले कसं वाटते. आन् तो भितीकडं पाहून सांगे, बरं वाटते." त्यांनी श्वास घेतला. "मले राग पाह्यजे का खरं पाह्यजे, हे मले इचाराले पाह्यजे होतं. ते त्यायनं ठरवलं. छायाले इचारलं त्यायनं, तुले काय पाह्यजे. तुले काम पाह्यजे का इचाराले खामगावले गेले. टँकर कोनाले पाह्यजे हे वस्तीवर जाऊन इचारत. साऱ्या जगाले मानूस म्हनून पाह्यलं त्या मानसानं. मले नाई इचारलं."

"आत्याबाई," छाया म्हणाली.

"मी रागावली नसती पोरावर. रडली असती. त्यायच्यासंगं बसून रडली असती. दोघांचं होतं ना ते पोरगं." त्या छायाकडे वळल्या. "आन् आता हे कोनाले सांगू? तेरा दिवस उशीर केला त्यायनं."

मग त्या रडल्या. नवरा गेला तेव्हा त्या रडल्या नव्हत्या आणि बायांनी त्यावरून मागे बोलणं केलं होतं. आता त्यांना आवाज फुटत नव्हता, नुसते खांदे हलत होते. छायानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. सासऱ्याच्या बाजूनं काही बोलावं, ते वाईट नव्हते, असं काहीतरी, हे तिच्या ओठावर आलं. ती बोलली नाही. म्हातारी खरं बोलली होती.

 गोकुळकाका दाराशी आले, "पंगत खोळंबली," म्हणायला, आणि कुलदीपचं तोंड पाहून न बोलता मागे फिरले.

रंगराव उठायला लागला तेव्हा छायानं त्याला थांबवलं. सासूचं डोकं तिच्या मांडीवरच होतं.

"मले एक इचारायचं होतं. जीपमंदी, नाहीतर तिथं बाकावर," ती म्हणाली. तीस वर्षांनी हे शब्द बाहेर येताना ती नव्या नवरीसारखी अडखळली. "माह्याबद्दल काही बोलले का ते?"

रंगरावनं तिच्याकडे पाहिलं. मग दारातल्या पूनमकडे. हो म्हणणं सोपं होतं. एक वाक्य बनवायला काय लागतं, पोटातल्या लेकराचं नीट पाहा म्हणाला, छायाले सांगजा म्हणाला. ती ते वाक्य आयुष्यभर जपेल हे त्याला दिसत होतं, आणि ते खोटं आहे हे सांगणारं जगात कोणी उरलं नव्हतं. त्याच्या तोंडात ते तयारही झालं. मग त्याची नजर मांडीवरच्या त्या पांढऱ्या डोक्यावर गेली.

"नाई, बाई," तो म्हणाला. "तुमचं नाव नाई निंगालं. डोकं दुखते म्हनला आन् पडला. टाइमच भेटला नाई त्याले."

छायानं मान हलवली. दोनदा, तीनदा. पूनम येऊन तिच्यापाशी बसली.

"बरं," छाया म्हणाली. "खरं सांगतलं ते बरं केलं तुमी."

थोड्या वेळानं तिनं सासूला पूनमच्या खांद्याला टेकवलं आणि उठली. बाहेर कुलदीप उभा होता. त्याचे डोळे लाल झाले होते. तो म्हणाला, "वहिनी, मी वाढतो." ती म्हणाली, "तू काकापाशी बस. त्यायले उठू देऊ नोको." मांडवात पंगत मांडून झाली होती. रंगराव शेवटच्या ओळीत, खांबाच्या आडोशाला जाऊन बसला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पत्रावळी रिकाम्या राहिल्या.

छायानं वरणाची बादली उचलली आणि पहिल्या ओळीपासून वाढायला सुरुवात केली. शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागला. तोवर रंगराव हात मांडीवर ठेवून, समोरच्या कोरड्या भाताकडे बघत, वाट पाहत बसला होता.